शेवग्याच्या गल्लीतला थांबा

हितेंद्र मयेकरांचा अपमान झाला तेव्हा ते दूध घेऊन घरी परतत होते. दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या असताना झालेला अपमान जास्त लागतो, कारण माणसाला लगेच हातवारे करता येत नाहीत.

रविवारची सकाळ होती. शेवग्याच्या गल्लीच्या तोंडाशी पंधरा-वीस माणसं टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या लटकवून उभी होती. पुढे एक मुलगी, कमरेला छोटा स्पीकर बांधलेला. लालबाग-परळ पायी हिंडवून दाखवणारी एक संस्था निघाली आहे, तिची ती मुलगी; नाव पूर्वी. तिने लोकांना मसाल्याची दुकानं दाखवली होती, गिरणीची चिमणी दाखवली होती, जिथे गिरणी होती तिथला मॉलसुद्धा दाखवला होता. टोपीवाल्यांपैकी एकाने गल्लीत मान घालून विचारलं, "इकडे आत काय आहे?"

"आत? आत काही नाही," पूर्वी म्हणाली. "चला, पुढे."

आणि माणसं खरंच पुढे चालू लागली.

आता शेवग्याच्या गल्लीला फार मोठं नाव होतं असं मयेकरांचंही म्हणणं नव्हतं. लालबागवाले म्हणतात ती परळात येते, परळवाले म्हणतात ती लालबागची. शेवग्याचं झाड पाहिलेला माणूस हयात नाही. भायखळ्याला दंगल झाली तर गल्ली तिच्यात नव्हती, दादरला संमेलन भरलं तर त्यातही नव्हती. बदनाम व्हायलासुद्धा काहीतरी लागतं, तेही तिच्याकडे नव्हतं. तिची ख्याती एकच: बाइकवाल्यांना इथून सिग्नल चुकवता येतो. अर्धी मुंबई या गल्लीतून गेलेली आहे आणि एकही माणूस थांबलेला नाही.

पण हे आपण म्हणणं वेगळं आणि कमरेला स्पीकर बांधून दुसऱ्याने म्हणणं वेगळं.

"ओ बाई!" मयेकर मागे धावले. "आत काही नाही कसं? आत मी राहतो!"

पूर्वी ओशाळली. मुलगी चांगल्या घरची होती. "सॉरी काका. तसं नव्हतं म्हणायचं. पण लोक सुट्टीच्या दिवशी उठून येतात, त्यांना काहीतरी बघायला पाहिजे ना. काहीतरी गोष्ट पाहिजे."

"गोष्टी पायलीला पन्नास आहेत!"

"मग असं करूया. पंधरा दिवसांनी पुढची फेरी आहे. आमच्या किर्ती मॅडम स्वतः येणारेत. नवीन नकाशा छापायचाय, त्यात कुठे थांबायचं ते त्याच ठरवतात. तुमच्या गल्लीला वीस मिनिटांचा थांबा देते. मॅडमना आवडलं तर नकाशात."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर पुढचा नकाशा पाच वर्षांनी, काका."

मयेकर त्रेसष्ट वर्षांचे होते. विमा कंपनीत नोकरी झालेली असल्याने त्यांनी मनातल्या मनात लगेच हिशेब केला आणि तो त्यांना आवडला नाही.

घरी सुभद्रावहिनींनी सगळं ऐकून घेतलं, दूध तापत ठेवलं आणि विचारलं, "पण आहे काय हो आपल्याकडे बघण्यासारखं?"

"तूसुद्धा?"

"मी आपलं विचारलं. तोंड नका पाडू एवढं."

संध्याकाळी लक्ष्मीदास चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत सभा भरली. लक्ष्मीदास चाळ म्हणजेच शेवग्याची गल्ली. समोरच्या बाजूला नुसती भिंत आहे. अध्यक्षस्थानी बुधाजीनाना परब. नाना पंचाहत्तरीचे, आणि चाळ कमिटीचे अध्यक्ष कधीपासून आहेत हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं की ते सांगायला लागतात.

"दाखवण्यासारख्या काय हा?" नाना म्हणाले. "माझ्या खोलयेत भूमिगत पुढारी येऊन झोपलेले. पोलीस खाली, पुढारी वर!"

"नाना, ते आमच्याकडे झोपलेले," पहिल्या मजल्यावरून आवाज आला.

"तुमच्याकडे? तुमच्याकडे झोपाक जागा तरी होती काय?"

पुढाऱ्यावरून तासभर गेला. शेवटी तडजोड अशी झाली की पुढारी झोपले नानांकडे आणि जेवले पहिल्या मजल्यावर. हे मयेकरांनी पूर्वीला फोनवर कळवलं. ती म्हणाली, "छान आहे काका. पुढाऱ्याचं नाव काय?" मयेकरांनी वळून सभेला विचारलं. भूमिगत असल्यामुळे त्यांनी नाव सांगितलं नव्हतं, असं नाना म्हणाले. पुढारी तिथेच संपले.

मग प्रितम उठला. शेजारच्या खोलीतल्या शांतीताईंचा हा मुलगा लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत मार्केटिंगमध्ये आहे आणि चाळीत राहतो हे ऑफिसात फारसं बोलत नाही. "काका, प्रॉब्लेम काय आहे, आपलं पोझिशनिंग नाहीये," तो म्हणाला. "लोकांना अनुभव पाहिजे. एक्सपीरियन्स! भिंतीवर मोठे पंख रंगवू. माणूस मध्ये उभा राहिला की त्याला पंख फुटल्यासारखे दिसतात. फोटो काढतात, टाकतात, झालं!"

"कसले पंख?" शांतीताईंनी विचारलं. "कोंबडीचे?"

"आई, तू बोलू नको ना मध्ये."

पंखांचा ठराव पडला. निदान गल्लीच्या तोंडाशी नावाची पाटी तरी हवी, यावर मात्र फारसं दुमत नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मयेकर वॉर्ड ऑफिसात गेले. तिथे तीन टेबलं फिरल्यावर चौथ्या टेबलावरच्या गृहस्थांनी कॉम्प्युटरात बघून शांतपणे सांगितलं, "ही गल्ली नाही. ही घरगल्ली आहे."

घरगल्ली म्हणजे दोन इमारतींच्या पाठीमागची बोळकांडी; तिच्यातून मोऱ्यांचे पाइप जातात आणि वरच्या मजल्यावरची माणसं तिच्यात केळ्याच्या साली टाकतात.

"अहो, पण आमची चाळ आहे तिथे!"

"चाळ आहे ना. चाळ दिसतेय. गल्ली नाही."

"मग चाळीत जायचं कुठून?"

"इतकी वर्षं जाताय ना तुम्ही? आम्ही काही बोललो का?"

मयेकर जिना उतरून खाली आले. आत काही नाही, इथवर ठीक होतं. पण आपण चार पिढ्या कुणाच्या तरी पाठीमागे राहत आलो, ही बातमी त्यांनी चाळीत कुणाला सांगितली नाही. सुभद्रावहिनींनाही सांगितली नाही. "पाटीचा रंग संपलाय," म्हणाले.

दाखवायला काय आहे हे ठरेना, आणि रविवार तर जवळ आला. शेवटच्या सभेत बुधाजीनाना वैतागून म्हणाले, "ता ऱ्हवांदे. पाहुणे येतत. पयलो पसारो आवरा!"

चाळीच्या इतिहासात एकमताने मंजूर झालेला हा पहिला ठराव. पाहुणे येणार म्हटल्यावर घरातली प्रत्येक वापरातली वस्तू पलंगाखाली ढकलायची, हे आपल्या लोकांना शिकवावं लागत नाही. फक्त इथे पलंग एक आणि चाळ अख्खी. तो पलंग कुणाचा, हेही ओघाने आलंच. "प्रकल्प कुणाचा?" नाना म्हणाले. "हितूचा. मग सामान हितूच्या खोलयेत."

शनिवारी दिवसभर सामान येत राहिलं. दोऱ्यांवरचे कपडे आले. वाळत घातलेले बोंबील आले. मिरच्यांचं पोतं, कॅरम, भजनी मंडळाची पेटी आणि टाळ, गणपतीचं मखर, तुपाच्या डब्यातली तुळस, चपलांचं मांडणीसकट गाठोडं, आणि गॅलरीतली सगळी पिंपं.

या पिंपांविषयी थोडं सांगायला हवं. दुसऱ्या मजल्याला जिन्याजवळ एक सामाईक नळ आहे आणि प्रत्येक दारापुढे एक निळं प्लास्टिकचं पिंप. सगळी एका मापाची, एका रंगाची. ज्याच्या दारापुढे ते त्याचं, इतकी साधी व्यवस्था. तीस-पस्तीस वर्षांत कुणाला पिंपावर नाव घालायची गरज पडली नाही, कारण पिंप कधी दारापुढून हललंच नव्हतं. शनिवारी जलवाहिनीच्या कामामुळे पाणी नव्हतं. पिंपं रिकामी होती, हलकी होती, लोकांनी ती हसत हसत गडगडवत आणली आणि मयेकरांच्या खोलीत एकात एक घालून उभी केली.

"आपण बसायचं कुठे?" सुभद्रावहिनींनी विचारलं.

"एका दिवसाचा प्रश्न आहे गं."

वहिनी मखरात बसून भाजी निवडू लागल्या.

रविवारी पाहुणे आले तेव्हा लक्ष्मीदास चाळ ओळखू येत नव्हती. गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी, फिनेलचा वास, आणि भाड्याच्या खुर्च्यांवर ओळीने बसलेले इस्त्रीचे रहिवासी. बुधाजीनाना जावयाच्या कोटात होते. प्रितमने टाय लावला होता. शांतीताई ठेवणीतली पैठणी नेसून, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायच्या आधी बसतात तशा बसल्या होत्या. एकूण दृश्य एखाद्या नीटनेटक्या दवाखान्यासारखं दिसत होतं.

किर्ती मॅडम उंच, पांढऱ्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी गॅलरीच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला बघितलं. मध्ये बघायला काही आलंच नाही.

"इथे लोक राहतात ना?" एका टोपीवाल्याने हळूच विचारलं.

"होय," नाना उठून म्हणाले, "आम्ही सर्वजण येथे वास्तव्य करतो." नानांच्या तोंडून असं मराठी चाळीने पहिल्यांदाच ऐकलं.

"आणि दिवसभर काय करता?"

नानांनी कोट सारखा केला. "स्वच्छता."

मग कोकम सरबत झालं. प्रत्येक घराने वेगळं केलं होतं, आणि एकाचं घेतलं तर दुसऱ्याचं का नाही, म्हणून प्रत्येक पाहुण्याच्या वाट्याला चार-पाच पेले आले. ते पिऊन झाल्यावर बोलण्यासारखं काही उरेना. एका बाईने उगीच भिंतीचा फोटो काढला. पूर्वी मयेकरांजवळ आली आणि कुजबुजली, "काका, मी परवा बाहेरून बघितलं तेव्हा इथे किती काय काय होतं! सगळं कुठे गेलं?"

"आवरलं," मयेकर अभिमानाने म्हणाले. पण तिचा चेहरा बघून त्यांनी हळूच आपल्या खोलीच्या बंद दाराकडे बघितलं.

तेवढ्यात नळ खाकरला.

ज्या घरात आदल्या दिवशी पाणी आलेलं नाही त्या घरातल्या बाईला नळाचा हा आवाज कुठल्या आवाजात ऐकू येत नाही? खुर्च्यांवरच्या सगळ्या बायका एकदम ताठ झाल्या. पण पाहुणे समोर होते. कुणी उठेना. पाणी मोरीत पडू लागलं, धार चांगली बोटभर जाड झाली, तेव्हा मयेकरांनीच घाईघाईने आपल्या खोलीचं दार उघडलं. आधी टाळ बाहेर आले, मग चपला, मग पिंपं गडगडत आली आणि गॅलरीभर लवंडली.

आता यातलं कुठलं कुणाचं?

"शांतीताई, घ्या ना, तुमचं भरा आधी," सुभद्रावहिनी म्हणाल्या.

"नको, नको. तुम्ही घ्या वैनी."

"पण यातलं तुमचं कुठलं?"

"कुठलंही चालेल हो!"

"आम्हालाही कुठलंही चालेल!" गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या बाई म्हणाल्या.

कुठलंही चालेल! ज्या मजल्यावर पाण्याच्या नंबरावरून सख्ख्या जावांची बोलणी बंद झाली होती, तिथे सगळ्या बायका एकमेकींना हात जोडून 'आधी तुम्ही' करत होत्या आणि दोन दिवसांनी आलेलं पाणी मोरीतून घरगल्लीत, म्हणजे खाली गल्लीत, वाहून चाललं होतं.

किर्ती मॅडमनी घड्याळ बघितलं. पूर्वीने स्पीकर सुरू केला. "थँक यू सगळ्यांना! तर चला, आता आपण पुढे..."

मयेकर हातात एक टाळ घेऊन उभे होते आणि टोप्या जिन्याकडे वळत होत्या. सुभद्रावहिनींनी नवऱ्याकडे एकदा बघितलं, हात पदराला पुसले आणि शांतीताईंनी ज्या पिंपाच्या काठावर बोटं टेकवली होती त्या पिंपावर दाणकन हात ठेवला.

"हे पिंप माझं आहे."

शांतीताई हसल्या. "घ्या ना. म्हटलं ना मी."

"घ्या काय? उपकार करताय? माझं आहे ते. माझ्या रुखवतात आलेलं!"

मयेकरांनी तोंड उघडलं. स्वतःच्या लग्नात ते हजर होते. रुखवतात साबणाच्या वड्यांचं तुळशीवृंदावन होतं आणि लोकरीचा ससा होता, पिंप नव्हतं. पण वहिनींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं की त्यांनी उघडलेलं तोंड जांभई देऊन मिटलं.

"रुखवतात?" शांतीताईंची पैठणी खसकन हलली. "पिंप रुखवतात? अगो, ह्या पिंप माझ्या मालकांनी मिल बंद पडली तेव्हा रंगखात्यातून डोक्यावरून आणलेला! देणी मिळाली नाहीत, पिंप मिळाला! वर्षभर त्यातला पाणी गुलाबी येत होता! सगळ्या मजल्याची बनियनं गुलाबी झालेली, विचार कोणाकय!"

"गुलाबी?" बुधाजीनाना खुर्चीवरून उठले. "मेल्यांनो, ता गुलाबी पाणी माझ्या पिंपातला! बनियन माझी गुलाबी! मी त्याच बनियनवर मोर्चात गेलेलंय, लोकांका वाटला नवीन पक्ष आसा!" नानांनी कोट काढून मयेकरांच्या हातात दिला.

जिन्यावर पोचलेल्या टोप्या परत फिरल्या.

"पुरावो दाखव!" नाना म्हणाले.

"पुरावो? हो घे पुरावो!" शांतीताईंनी पिंप आडवं केलं. "दहावीचा निकाल लागला त्या दिवशी माझो प्रितम ह्यात लपून बसलो होतो! दुपारपर्यंत सापडलो नाय! आत खिळ्याने लिवलाहा, बघा!"

"आई!" प्रितम ओरडला. त्याने टाय सैल केला, मग घट्ट केला.

किर्ती मॅडम पुढे आल्या. त्यांनी मोबाइलचा टॉर्च लावला, गुडघ्यांवर बसल्या आणि डोकं पिंपात घातलं. मग त्या बाहेर आल्या. "'गणिताचा बदला घेईन' असं लिहिलंय," म्हणाल्या.

यानंतर प्रत्येक पाहुण्याने पिंपात डोकं घातलं. रांग लागली. मग दुसऱ्या पिंपांतही डोकी गेली, आणि ज्या ज्या पिंपावर ओरखडा सापडला त्याची मालकीण तावातावाने पुढे आली. कुणी त्यातून कोकणातून आंबे आणले होते, कुणी चाळीतलं पहिलं जुळं त्यात न्हाऊ घातलं होतं. पिंपांमागून बोंबील निघाले, पेटी निघाली, ती वाजते का यावरून एक वेगळा वाद निघाला. एक टोपीवाला पदर खोचल्यासारखा शर्ट खोचून नळावर बसला आणि एकेक पिंप भरू लागला. पूर्वी शांतीताईंच्या बाजूने होती, किर्ती मॅडम अजून पुरावे मागत होत्या.

मयेकर घामाघूम झाले. "मॅडम, माफ करा. आमच्याकडे असं कधी नसतं हो. सगळे अगदी सुशिक्षित..."

"काका, जरा हळू," पूर्वी म्हणाली. "त्या काय म्हणतायत ते ऐकू येत नाहीये."

त्या दिवशी पुढचे सगळे थांबे रद्द झाले. टोप्या गेल्या तेव्हा दुपारची जेवणं झाली होती, म्हणजे त्यांचीही, चाळीतच. मंगळवारी पूर्वीचा फोन आला. शेवग्याची गल्ली नकाशात आली होती. "फक्त काका, एक विचारायचं होतं. ते भांडण साधारण किती वाजता असतं?"

मयेकरांनी सांगतो म्हणून फोन ठेवला. आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, पण मध्ये एक खडा होता. सुभद्रावहिनी आणि शांतीताई रविवारपासून एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पिंप मयेकरांच्याच घरात उभं होतं.

"खरं सांग," ते म्हणाले. "पिंप आपलं आहे?"

"आपलं कुठलं? शांतीताईंचंच ते. काठ मोडलाय त्याचा, मी रोज बघते."

"मग कशाला गं ओढवून घेतलंस? तीस वर्षांचा शेजार."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुमचं तोंड बघवेना."

मयेकर उठले आणि पिंप उचलू लागले. परत नेऊन द्यायचं, माफी मागायची, नकाशा गेला खड्ड्यात. पिंप दारातून बाहेर काढतात तोच समोर शांतीताई, हातात झाकलेली वाटी. वाटीत सुकटीचं कालवण होतं.

"खंय नेतास ता?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याकडेच आणत होतो. शांतीताई, चूक आमची..."

शांतीताईंनी वाटी सुभद्रावहिनींच्या हातात दिली, पिंपाला पायाने आत सरकवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "पिंप तुझ्याकडेच ऱ्हवांदे गो वैनी. पुढच्या फेरीक माका मागूक येवक व्हया ना! आणि ह्या खेपेक पयली सुरुवात मी करतलंय."